त्वचेच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर हातापायाला सूज (लिम्फेडेमा) कोणाला आणि का येते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळपायावरचा मेलानोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर), भाजल्याच्या जुन्या व्रणावर उठलेला कॅन्सर, परकराची नाडी वर्षानुवर्षं काचून कमरेवर झालेला कॅन्सर. अशा आजारांत शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. भर धोक्यावर आहे: सूज कशामुळे येते, कशाने वाढते आणि त्यातलं किती आपल्या हातात आहे.

१. लिम्फेडेमा म्हणजे नक्की काय? साधी सूज आणि ही सूज वेगळी कशी ओळखायची?

रक्तवाहिन्यांतून पाझरलेला काही द्रव आणि त्यातली प्रथिनं बारीक लसीकावाहिन्यांमधून परत रक्तात जातात. वाटेत काख, जांघ आणि मान इथल्या लसीकाग्रंथींमध्ये हा द्रव गाळला जातो. पायात काटा मोडून पिकलं की जांघेत अवधाण येतं, ते याच ग्रंथींचं. दवाखान्यात त्यांना ‘नोड’ किंवा नुसतं ‘गाठी’ म्हणतात. कॅन्सर त्यांच्यात उतरतो म्हणून त्या काढाव्या लागतात. मग वाट अडते, प्रथिनं असलेला द्रव तुंबतो आणि काही महिन्यांनी तिथे चरबी आणि चिवट तंतू साठायला लागतात.

सुरुवातीला बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि रात्रभर पाय उशीवर ठेवला की सूज उतरते. या टप्प्यावर ती बरीचशी परतवता येते. पुढे खळगा पडेनासा होतो आणि सकाळीही सूज तशीच राहते. एक सोपी खूण म्हणजे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी वरच्या बाजूची त्वचा चिमटीत धरून पाहणे. दुसऱ्या पायाला चिमूट येते आणि या पायाला येत नाही, असं असेल तर लिम्फेडेमा असण्याची शक्यता खूप. चिमूट आली म्हणून तो नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही.

२. त्वचेचा कोणताही कॅन्सर झाला की हा धोका असतोच का?

नाही. बेसल सेल कॅन्सर जवळजवळ कधीच गाठींपर्यंत जात नाही, त्यामुळे त्यात गाठी काढल्या जात नाहीत आणि हा धोका नगण्य राहतो. स्क्वेमस सेल कॅन्सरमध्ये गाठींत रोग सापडला तरच त्या काढतात. मेलानोमा आणि दुर्मिळ मर्केल सेल कॅन्सर यांत गाठी तपासण्याची वेळ बऱ्याचदा येते.

आपल्याकडे मेलानोमा मुख्यतः तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. म्हणून बहुतेकांचा प्रश्न जांघेतल्या गाठींचा असतो, आणि तिथेच धोका सगळ्यात जास्त आहे (प्रश्न ४).

भाजल्याच्या व्रणाचं थोडं वेगळं आहे. व्रण पायाभोवती कड्यासारखा असेल तर त्वचेखालच्या लसीकावाहिन्या आधीच तुटलेल्या असतात. तिथला कॅन्सर रुंद कापून त्वचारोपण केलं की उरलेल्या वाटाही कमी होतात. अशा पायाला गाठी न काढताही सूज येऊ शकते.

३. एक-दोन गाठी काढून तपासणे आणि सगळ्या काढणे, यात खरंच एवढा फरक आहे?

आहे, आणि आमच्या मते शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांशी बोलायचा हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. ‘सेंटिनल नोड’ तपासणीत रोग सर्वांत आधी जिथे पोचेल त्या एक-दोन गाठी शोधून काढतात. त्यांत मेलानोमा सापडला की पूर्वी लगेच बाकीच्या सगळ्या गाठी काढायची पद्धत होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा रुग्णांचे दोन गट केले होते. सगळ्या गाठी लगेच काढलेल्यांपैकी २४.१ टक्के लोकांना लिम्फेडेमा झाला. गाठी न काढता ठरावीक अंतराने सोनोग्राफी करत राहिलेल्यांमध्ये हे प्रमाण ६.३ टक्के होतं. तीन वर्षांनंतर मेलानोमामुळे होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमाणात दोन गटांत फरक नव्हता.

म्हणून सेंटिनल गाठीत रोग आढळला की “सोनोग्राफीवर लक्ष ठेवता येईल का?” हे विचारायलाच हवं. पण हाताला लागणारी, सोनोग्राफीत स्पष्ट दिसणारी रोगट गाठ असेल तर हा निष्कर्ष तिथे लागू होत नाही. आणि सोनोग्राफीचा मार्ग घेतला तर तारखा चुकवून चालत नाही. सुरुवातीची दोन वर्षं साधारण दर ४ महिन्यांनी जावं लागतं. तेवढ्या वेळा शहरात येणं जमणार नसेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, कारण निर्णय त्यावरही अवलंबून आहे.

४. काखेतल्या गाठी काढलेल्यांना कमी आणि जांघेतल्या काढलेल्यांना जास्त त्रास का होतो?

उभं राहिलं की पायातला द्रव जमिनीपासून पोटापर्यंत गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चढावा लागतो. हाताला एवढं चढायचं नसतं आणि दिवसभर तो एकाच स्थितीत लोंबतही नाही. शिवाय पायाचा बहुतेक निचरा जांघेच्या एकाच अरुंद नाक्यातून होतो.

तिसरं कारण जखमेचं. जांघ घडीची, घामाची, सतत हलणारी जागा. तिथले टाके उसवणं, कडेची त्वचा काळी पडणं आणि पू होणं काखेपेक्षा जास्त घडतं, आणि त्या प्रत्येक गोष्टीने उरलेल्या वाहिन्या व्रणात अडकतात (प्रश्न ६).

जांघेबरोबर ओटीपोटातल्या गाठीही काढल्या तर धोका आणखी वाढतो. सूज फक्त पायालाच येते असंही नाही. ओटीपोटाच्या खालचा भाग, पुरुषांत अंडकोशाची पिशवी आणि बायकांत बाह्य जननांगही सुजतात. लोक संकोचाने हे सांगत नाहीत आणि सहा-आठ महिने जातात. तपासणीला गेल्यावर पायाइतक्याच सहजपणे ते सांगा.

५. ऑपरेशननंतर रेडिएशन सांगितलं आहे. त्याने सूज वाढेल का?

वाढू शकते, विशेषतः जांघेत. गाठी काढल्यानंतर त्याच जागी ४८ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं एकक) रेडिएशन २० भागांत देऊन पाहिलेल्या एका चाचणीत तिथे रोग परत उगवण्याचं प्रमाण कमी झालं, पण एकूण आयुष्य वाढलं नाही. पायाचं आकारमान रेडिएशन घेतलेल्यांत सरासरी १५ टक्के वाढलं, न घेतलेल्यांत ७.७ टक्के. हातांच्या बाबतीत फरक एवढा स्पष्ट नव्हता.

रेडिएशन नाकारा, असा याचा अर्थ नाही. गाठीचं आवरण फोडून रोग बाहेर आला असेल किंवा बऱ्याच गाठी रोगट असतील, तर जांघेत पुन्हा वाढलेला, फुटून वाहणारा कॅन्सर सुजेपेक्षा फार वाईट. पण तुमच्यासाठी त्याचा नेमका फायदा काय, हे विचारा, आणि रेडिएशन सुरू होण्याआधी पायाची मापं घेऊन ठेवा (प्रश्न ९).

६. टाके चिघळले होते आणि जखमेतलं पाणी बाटलीत काढणारी नळी बरेच दिवस ठेवावी लागली. त्याचा काही संबंध आहे का?

आहे. जखमेत साचणारं पाणी, पू आणि वरची त्वचा मरणं, या तिन्हींनी व्रण जाड होतो आणि नव्या बारीक लसीकावाहिन्या त्यातून वाट काढू शकत नाहीत.

नळी साधारणपणे २४ तासांत ३० मिलीपेक्षा कमी पाणी यायला लागलं की काढतात. म्हणून रोज एकाच वेळी बाटली रिकामी करून आकडा वहीत लिहा. नळी काढल्यावर जांघेत पाण्याचा फुगा आला तर घरी सुई लावू नका आणि दाबून फोडू नका. दवाखान्यात निर्जंतुक सुईने पाणी काढतात. टाके निघेपर्यंत उकिडवं बसणं आणि जमिनीवर मांडी घालून जेवणं टाळलेलं बरं, कारण घडीत टाके ताणले जातात. धूम्रपान आणि अनियंत्रित साखर यांनी जखम भरायला उशीर होतो, तोही धोक्याचाच भाग.

७. वजनाचा संबंध किती? सडपातळ माणसांनाही सूज येतेच ना?

येते, पण बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० किंवा जास्त असेल तर शक्यता ठळकपणे वाढते. उंची १६० सेंमी असेल तर ७७ किलोला हा आकडा येतो. चरबी वाढली की द्रवही जास्त तयार होतो, आणि बसल्यावर पोटाची घडी नेमकी जांघेवर दाबते. आपल्या हातात असलेल्या कारणांत संसर्गाच्या खालोखाल हेच मोठं. एकदम उपास करू नका. जखम भरेपर्यंत डाळी, अंडी, दूध, मासे हवेतच. “सुजेत प्रथिनं असतात म्हणून प्रथिनं बंद” हा सल्ला चुकीचा आहे.

८. पायाला साधी चिखली झाली तरी डॉक्टर एवढे का रागावतात?

कारण बोटांच्या बेचक्यात ओली होऊन फाटलेली ती त्वचा जंतूंना उघडं दार असते. गाठी काढलेल्या पायात जंतूंशी लढणारी पहिली चौकी नाही, आणि तुंबलेल्या प्रथिनांत जंतू झपाट्याने वाढतात. एकदा संसर्ग पसरला की उरल्यासुरल्या लसीकावाहिन्या खराब होतात, त्यामुळे सूज वाढते, आणि सूज वाढल्याने पुढचा संसर्ग आणखी सोपा होतो. हे चक्र तोडणं म्हणजे निम्मी लढाई.

रोजचा क्रम असा ठेवा. साध्या साबणाने पाय धुवा. प्रत्येक बेचका मऊ सुती फडक्याने टिपून कोरडा करा, घासू नका. टाच आणि पावलाला खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा, पण बेचक्यात लावू नका, तिथे ओल हवीच नाही. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका, नाहीतर नखुरडं होतं. टाचेच्या भेगा ब्लेडने तासू नका.

चिखल्या झाल्याच तर क्लोट्रिमाझोलचं मलम दिवसातून दोनदा लावा आणि त्वचा चांगली दिसू लागल्यावरही आणखी दोन आठवडे चालू ठेवा. इथे एक चूक घरोघरी होते: औषधाच्या दुकानातून बुरशी, जंतू आणि खाज ‘तिन्हींवर’ म्हणून मिळणारी ट्यूब. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ती घेऊ नका.

पाय लाल, गरम आणि दुखरा झाला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि अँटिबायोटिक सुरू करा. ताप कधीकधी लालीच्या काही तास आधी येतो, त्यामुळे “थंडीतापाची साथ आहे” म्हणून दिवस घालवू नका. तोवर दाबाचा पायमोजा किंवा पट्टी घातली असेल तर काढून ठेवा, पाय उंच ठेवा, मालिश करू नका. वर्षात दोन किंवा अधिक वेळा असं झालं तर कमी मात्रेचं पेनिसिलिन बरेच महिने देण्याची पद्धत आहे, त्याबद्दल विचारा.

९. सूज यायला लागली हे घरच्या घरी कसं कळेल?

शिंप्याची मऊ टेप, पेन आणि वही पुरते. सर्वांत मोलाचं माप ऑपरेशनच्या आधीचं, कारण दोन्ही पाय मुळातच सारखे नसतात. ते राहून गेलं असेल तर आज घ्या.

भिंतीला टेकून उभे राहा. जमिनीपासून १०, २०, ३०, ४०, ५० आणि ६० सेंमीवर पेनाने खूण करा आणि प्रत्येक खुणेवर दोन्ही पायांचा घेर मोजा. पावलाचा घेर मधोमध वेगळा मोजा. टेप त्वचेला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. पहिलं वर्ष दर महिन्याला, शक्यतो संध्याकाळी आणि प्रत्येक वेळी त्याच सुमाराला मोजा. सकाळचं एक माप आणि रात्रीचं दुसरं, अशी तुलना फसवी ठरते.

पायांमधल्या फरकात आधीच्या तुलनेत एखाद्या खुणेवर २ सेंमी किंवा जास्त वाढ झाली तर दाखवून घ्या. नुसता एका पायाचा आकडा पाहू नका. वजन वाढलं की दोन्ही पाय वाढतात, म्हणून महत्त्व फरकाला आहे. आकड्याच्या आधीही काही खुणा दिसतात: एका पायातली चप्पल घट्ट होणं, पँटचा एकच पाय तंग होणं, संध्याकाळी पाय जड वाटणं.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतली सूज बऱ्याचदा आपोआप ओसरते. तीन महिन्यांनंतरही टिकली तर तिला लिम्फेडेमा समजूनच वागावं.

१०. पाच वर्षं झाली, काही झालं नाही. आता धोका संपला ना?

कमी झाला, संपला नाही. ज्यांना सूज येते, त्यांच्यापैकी बहुतेकांना ती पहिल्या दोन वर्षांत येते. पण उरलेल्या वाहिन्या जेमतेम पुरत असतात, आणि दहा वर्षांनीही एखादा संसर्ग, मोठी जखम किंवा वाढलेलं वजन तोल बिघडवू शकतं. मापं पुढे वर्षातून दोनदा पुरतात. पायाची निगा मात्र कायमची.

११. आमच्या भागात हत्तीरोग आहे. त्याने फरक पडतो का?

पडतो, आणि हा प्रश्न ऑपरेशनआधी विचारला गेला पाहिजे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा अशा विदर्भातल्या जिल्ह्यांत हत्तीरोगाचा प्रादुर्भाव राहिला आहे. त्याचे जंत लसीकावाहिन्यांमध्येच राहतात आणि पाय वरून नीट दिसत असतानाही त्या वाहिन्या फुगवून निकामी करतात. अशा पायातल्या गाठी काढल्या की राखीव वाट उरतेच कमी.

पूर्वी जांघेत वारंवार अवधाण येऊन ताप येणं, अंडवृद्धी झालेली असणं, घरात कुणाला हत्तीपाय असणं, हे सर्जनना सांगा. रक्ताचा नमुना काचपट्टीवर तपासायचा असेल तर तो रात्री घेतात, कारण या जंतांची पिल्लं रात्रीच रक्तात जास्त येतात. अँटिजेन तपासणी दिवसाही होते. वार्षिक मोहिमेतल्या गोळ्या संसर्ग रोखतात, आधीच खराब झालेल्या वाहिन्या दुरुस्त करत नाहीत. कॅन्सरचा उपचार चालू असताना त्या घ्यायच्या की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

१२. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला ब्लड प्रेशर घेऊ नका, सुई टोचू नका, विमानात बसू नका, हे सगळं खरं आहे?

हे नियम वर्षानुवर्षं भीतीपोटी सांगितले गेले. स्तनाच्या कॅन्सरच्या ६३२ रुग्णांच्या २०१६ सालच्या अमेरिकन अभ्यासात ब्लड प्रेशर मोजणं, रक्त काढणं, इंजेक्शन आणि विमानप्रवास यांचा हाताच्या सुजेशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो जास्त वजन आणि संसर्ग यांच्याशी. हा निष्कर्ष दुसऱ्या कॅन्सरमधला, पण काखेची रचना तीच आहे.

दुसरा हात मोकळा असेल तर तो द्या, एवढं पुरे. तातडीच्या वेळी त्या हाताला सलाईन लावलं म्हणून घाबरून नर्सशी भांडू नका. आधीच सूज असेल तर लांबच्या प्रवासात दाबाचा मोजा घाला आणि तासाभराने उठून चाला. पुण्याहून नागपूरच्या बसलाही हेच लागू.

१३. शेतीकाम, व्यायाम, वारी, यातलं काय चालेल?

हालचाल चांगली. पोटरीचा स्नायू आकुंचन पावला की द्रव वर ढकलला जातो, त्यामुळे पाय घेऊन बसून राहणं हाच खरा धोका. जखम पूर्ण भरली की हळूहळू चालणं वाढवा.

शेतात अनवाणी मात्र नाही. भात लावणीच्या चिखलात गमबूट घाला. बुटात पाणी शिरलं तर लगेच काढून पाय कोरडे करा, कारण ओला गमबूट चिखल्यांचं घर आहे. काटा मोडला तर निर्जंतुक सुईने काढा, जागा साबणाने धुवा आणि पोव्हिडोन-आयोडीन लावा.

आषाढी वारी म्हणजे आळंदीहून सुमारे २५० किलोमीटर, जवळजवळ तीन आठवडे, तेही पावसात. पहिल्या वर्षी पूर्ण पायी वारी नको. मन राहवत नसेल तर एखादा टप्पा चाला, बंद पण हवेशीर बूट घाला, तीन-चार जोड सुती मोजे ठेवा आणि मुक्कामाला अर्धा तास पाय उंच ठेवा. फोड आला तर त्या दिवशी चालणं तिथेच थांबवा.

१४. जोडवी, पैंजण, बांगड्या काढायलाच हव्यात का?

सैल असतील तर नाही. संध्याकाळी त्यांचा वळ उठत असेल तर काढा. जोडव्याखाली ओल राहून बेचका फाटतो, म्हणून रोज काढून जागा कोरडी करा. सूज असताना न निघणारं जोडवं ओढू नका, सोनाराकडून कापून घ्या. परकराची नाडी रुंद पट्ट्याची करा.

१५. दाबाचे मोजे सूज येण्याआधीच घातले तर ती टळेल का?

खात्री देता येत नाही. जांघेच्या गाठी काढलेल्या ८० रुग्णांवर नेदरलँड्समध्ये अशी तुलना झाली होती. मोजे घातल्याने सूज टळल्याचं दिसलं नाही. म्हणून सरसकट सगळ्यांनी घालावेत असं आम्ही सुचवत नाही. सूज सुरू झाल्यावर मात्र ते उपचाराचा कणा आहेत. पायासाठी बहुधा पाऱ्याच्या २३ ते ३२ मिलिमीटर दाबाचे देतात.

घेण्याआधी पायाचा रक्तपुरवठा तपासा, विशेषतः मधुमेह किंवा तंबाखू असेल तर. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब ०.८ पेक्षा कमी आला तर नेहमीचा दाब धोक्याचा, ०.५ पेक्षा कमी असेल तर दाब देऊच नये. मधुमेहात हा आकडा खोटा जास्त येऊ शकतो, हे डॉक्टरांना माहीत असतं, तुम्हीही लक्षात ठेवा. वरची कड गुंडाळली गेली की मोजा दोरीसारखा काचतो आणि खाली सूज वाढवतो. साधं क्रेप बँडेज चालत नाही, ते ताणून सैल होतं आणि दाब कमीजास्त पडतो.

१६. पाणी उतरवायची गोळी घेतली तर?

तिने लघवीवाटे पाणी जातं, प्रथिनं तिथेच राहतात आणि पाणी पुन्हा ओढून घेतात. हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबासाठी चालू असलेली गोळी मात्र बंद करू नका. जोरात चोळणं, गरम शेक, जळवा लावणं आणि डाग देणं यांपासून पाय दूर ठेवा. शेवटच्या दोन्हींनी त्वचा फुटते, म्हणजे प्रश्न ८ मधलं दार उघडतं.

१७. कॅन्सर कमरेवर होता, सूज पायाला कशी आली?

सूज कॅन्सर कुठे होता त्यावर नाही, गाठी कुठल्या काढल्या त्यावर ठरते. नाभीच्या पातळीवरून कमरेभोवती रेषा कल्पिली तर तिच्या वरच्या त्वचेचा निचरा साधारण काखेकडे आणि खालच्या त्वचेचा जांघेकडे होतो. पण नेमकं त्या रेषेजवळ, जिथे साडीची किंवा धोतराची गाठ बसते तिथे, निचरा दोन्हीकडे जाऊ शकतो. म्हणून आधी किरणोत्सारी औषध टोचून निचरा कुठल्या गाठींकडे जातो ते पाहतात. तुमच्या कागदांवर ‘जांघ’ की ‘काख’ लिहिलं आहे ते बघा आणि त्या बाजूच्या पायाची किंवा हाताची मापं ठेवा.

१८. गालावरच्या कॅन्सरनंतर मानेतल्या गाठी काढल्या. तिथेही सूज येते?

येते, हनुवटीखाली आणि गालावर. पायाच्या उलट ती सकाळी जास्त असते, कारण रात्रभर डोकं आडवं असतं. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा आणि ब्लेडऐवजी विजेच्या यंत्राने दाढी करा. रेडिएशनही झालं असेल तर सूज आत घशातही असू शकते. आवाज बदलला, ठसका लागू लागला तर लवकर दाखवा. श्वासाला आवाज येत असेल तर थांबू नका, तातडीने रुग्णालयात जा.

१९. वर्षभर ठीक होतं आणि चार दिवसांत पाय एकदम सुजला. मालिश सुरू करू का?

नाही, आधी तपासणी. लिम्फेडेमा सहसा आठवड्या-महिन्यांत, न दुखता वाढतो. तास-दिवसांत आलेली, पोटरीत दुखणारी, निळसर सूज म्हणजे खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात जा.

दुसरी शक्यता रोग परत आल्याची. जांघेत कडक गाठ, व्रणापासून जांघेपर्यंत त्वचेखाली मण्यांसारखे उंचवटे, स्थिर असलेली सूज अचानक वाढणं किंवा पाय दुखू लागणं, यांपैकी काही असेल तर सोनोग्राफी किंवा स्कॅन होईपर्यंत मालिश आणि बँडेज थांबवा. डॉक्टरांकडे जाताना मापांची वही सोबत न्या. सूज कधी आणि किती वेगाने वाढली, हे त्या आकड्यांवरून लगेच कळतं.